बारा वाजता थांबणारा बैल

नको तिथे नाक खुपसायची सवय मला लहानपणापासून आहे, आणि आता या वयात ती जायची नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर विचारायचे, "कोणाला काही शंका?" आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू सोडून." नोहाच्या तारवात मासे घेतले होते की त्यांना बाहेरच पोहायला सोडलं होतं, देवदूत पंखांवर झोपतात की कुशीवर, असलं काहीबाही मी विचारत असे. बिचाऱ्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते. पण एका प्रश्नावर ते खरोखर अडले. मी विचारलं होतं, बैल प्रार्थना करतो का?

विचारायला कारण आमच्या वाडीतच होतं. आमचं गाव वसईच्या पट्ट्यातलं, निर्मळहून चालत अर्ध्या तासावर. केळीची आणि पानवेलीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. बैल डोळ्यांना ढापणं लावून गोल गोल फिरायचा, मडक्यांची माळ भरून वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. चर्चची घंटा दिवसातून तीनदा व्हायची. सकाळची आम्ही अर्धवट झोपेत ऐकायचो, संध्याकाळची घरात बसून, पण दुपारी बाराची घंटा ऐन कामात यायची. ती झाली की ज्याचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. कोणी कुदळीवर हात ठेवून उभा, कोणी ओच्यात भाजी धरून उभी. देवदूताने मरियेला निरोप दिला त्याची ती प्रार्थना, दोन-तीन मिनिटांची. बाबा बैल थांबवत, टोपी काढत, प्रार्थना म्हणत, छातीवर क्रूसाची खूण करत आणि मग बैलाच्या पाठीवर थाप मारत. रहाट परत कुरकुरायला लागे.

आमचा तांबडा बैल गोऱ्हा असल्यापासून आमच्याकडे होता. आधी आधी बाबांना कासरा ओढून त्याला थांबवावं लागे. मग नुसतं "हो" म्हटलं की पुरे. पुढे पुढे तेही लागेना. घंटेचा पहिला ठोका पडला की तांबड्या जागच्या जागी उभा. डोळ्यांवर ढापणं, म्हणजे बाबांनी टोपी काढलेली त्याला दिसायची सोय नव्हती. पाठीवर थाप पडेपर्यंत तो तसूभर हलत नसे. मी त्याच्या तोंडापुढे वाकून बघायचे, ओठ हलतात का म्हणून.

फादरांनी मला सांगितलं की बैलाला अमर आत्मा नसतो, तेव्हा तो प्रार्थना करत नाही, नुसता उभा राहतो. मी म्हटलं, "आम्हीसुद्धा पुष्कळदा नुसतेच उभे राहतो, फादर." वर्गभर हशा पिकला आणि मला अर्धा तास कोपऱ्यात उभं राहावं लागलं. तिथेही मी नुसतीच उभी होते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी सातवीत होते. विहिरींवर इंजिनं यायला लागली होती आणि आमच्याकडेही आलं. फादरांनी येऊन त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, शेजारपाजाऱ्यांनी चहा घेतला, आणि तांबड्याला काम उरलं नाही. बाबांनी तो विकायचं ठरवलं. घ्यायला आले निर्मळचे एक बागाईतदार. हिंदू, देवळाजवळच राहणारे, सज्जन माणूस. दर सोमवारी न चुकता पिंडीवर बेल वाहणारे. त्यांच्या विहिरीवर चार भावांची पाळी असे, आणि यांची पाळी अकरा ते एक. मी त्यांना काका म्हणत असे.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जनावर विकताना विकणाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून, दोन माणसांदेखत, त्याच्या सगळ्या खोडी बोलून दाखवायच्या. लाथ मारतो का, मध्येच बसतो का, डाव्या बाजूने माणूस आला तर बुजतो का. सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायचं, "बाकी खोड नाही." तो शब्द पडला की सौदा पक्का, कागदबिगद काही नाही. आणि हा शब्द ऐकायला साक्षीदार म्हणून लोक कोणाला बोलवत असत? माझ्या बाबांना. हिंदूंच्या गावातून, ख्रिस्तांवांच्या गावातून, कोळीवाड्यातूनसुद्धा. बाबा उभे असले की कोणी खोटं बोलायला धजत नसे. शाळा चौथीपर्यंतची, अंगावर एकच बरा सदरा, पण या एका गोष्टीचा त्यांना केवढा मान होता! बोलून दाखवत नसत इतकंच.

त्या दिवशी विकणारे तेच होते. त्यांनी तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की पावसात उजव्या पायाने जरा जपून चालतो आणि ओली पेंड खात नाही. "बाकी खोड नाही." मी तिथेच होते. मला तरी कुठे सुचलं? तिथे असलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही, आणि साक्षीला आलेले दोघेही आमच्याच गावचे.

आठवडाभराने काका सायकलवरून आले. सायकल वाडीच्या दगडी गडग्याला टेकवली, पाणी दिलं ते प्यायले, आणि मग म्हणाले की बैल उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोज दुपारी बाराला तो उभा राहतो आणि काही केल्या हलत नाही. निर्मळलाही चर्च आहे, घंटा स्पष्ट ऐकू येते. पाठीवर थाप मारायची हे त्यांना कोण सांगणार? ते शीळ घालायचे, ओढायचे, शेवटी काठी उगारायचे. अर्धा-अर्धा तास जायचा. पाळी संपायची आणि भाऊ येऊन उभे राहायचे. वर गावात हसं झालं होतं ते वेगळंच. बैल घ्यायला गेला आणि किरिस्तांव घेऊन आला, असं पोरं म्हणायची.

बाबा आधी हसले. थाप मारायची युक्ती त्यांनी सांगितली. काका हसले नाहीत. ते म्हणाले, थाप मारून बघतो, पण मुद्दा तो नाही. "तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, खोड नाही."

बाबांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. ते ताडकन म्हणाले, "प्रार्थनेला थांबणं ही खोड नव्हे."

काका सायकल घेऊन निघून गेले. खरं सांगते, त्या दिवशी मला बाबांचं बोलणं एकदम पटलं होतं. आमचा बैल देवाच्या नावाने थांबतो आणि हे म्हणे खोड! पण संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. समजा काकांनी आपल्याला बैल विकला असता आणि तो दर सोमवारी चालायचा थांबला असता, तर? मी आईला विचारलं. आईने भाकरी थापता थापता सांगितलं की गप बस आणि हे तुझ्या बाबांपुढे बोलू नकोस. म्हणजे तिलाही ते पटलं होतं.

थापेची युक्ती चालली नाही. तांबड्याला थाप बाबांच्या हाताची हवी होती. काकांनी कुठे बोभाटा केला नाही, पण असल्या गोष्टी पसरायला बोभाटा लागत नाही. पंधरा दिवसांत दोन सौदे झाले, एक निर्मळला आणि एक पलीकडच्या पाड्यावर. बाबांना कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या सौद्याच्या दिवशी ते सकाळीच धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते. दुपारी त्यांनी तो काढून खुंटीला अडकवला आणि न जेवता वाडीत गेले. मला इतकं वाईट वाटलं की मीही जेवले नाही.

उपवासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यातल्या एका सकाळी बाबा मला म्हणाले, "चल बाय, निर्मळला जाऊन येऊ." सकाळची शाळा सुटली होती. उन्हातून आम्ही गेलो. काकांच्या वाडीत पोचलो तेव्हा रहाट चालू होता. काका पाटाशी होते. तांबड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर काठीचे वळ उठले होते. बाबांनी ते पाहिले. तेवढ्यात बारा वाजले.

पहिला ठोका पडला आणि तांबड्या थांबला. आणि बाबासुद्धा. दुसऱ्याच्या वाडीत, तक्रारीचं बोलायला आलेला माणूस, पण घंटा झाली आणि हात आपसूक टोपीकडे गेला. मीही हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले, कारण मला काकांचा चेहरा बघायचा होता. ते एकदा बैलाकडे बघत होते आणि एकदा बाबांकडे. दोघेही सारखेच उभे, मान किंचित खाली. काकांनी काठी हळूच केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवली.

प्रार्थना संपली. बाबांनी तांबड्याला थाप मारली, तो चालू लागला. मग बाबा काकांकडे वळले.

"खोड आहे," ते म्हणाले. "माझीच आहे, म्हणून मला दिसली नाही."

काका म्हणाले, जाऊ द्या, मी दुसरा बैल बघतो, हा तुम्ही घेऊन जा. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. बैल परत नेला तर शब्द खोटा तो खोटाच राहतो. त्यांनी आठ-दहा दिवस मागून घेतले. "मी लावलेली आहे, मीच काढतो."

घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं थांबलं. तिला लगेच कळलं, मला मात्र कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. बैलाची सवय मोडायची म्हणजे घंटा होत असताना त्याला चालवायचं. तो बाबांशिवाय कोणाचं ऐकणार नाही. म्हणजे घंटा होत असताना बाबांनी चालायचं. तेही उपवासकाळात. ज्या माणसाने तापातसुद्धा उशीवरून उठून ती प्रार्थना चुकवली नव्हती त्याने! आईने विचारलं, फादरांना विचारलंत का? बाबा म्हणाले, विचारलं आणि ते नको म्हणाले तर काय करू? आईने कपाळावर हात मारला. पुढे ती याला उलटी नोव्हेना म्हणायला लागली. नऊ दिवस प्रार्थना करायची ती नोव्हेना, आणि हे नऊ दिवस न करायची.

मी रोज बरोबर जायचे. भाकरी पोचवायचं निमित्त, पण खरं तर मला बघायचं होतं. पहिल्या दिवशी घंटा झाली, तांबड्या थांबला, बाबा "चल" म्हणाले. तांबड्याने कान हलवले. बाबा पुन्हा म्हणाले. आवाज ओळखीचा आणि हुकूम उलटा, ते जनावर गोंधळून गेलं. बाबांनी काठीला हात लावला नाही. त्यांनी जुवाच्या लाकडाला खांदा लावला आणि स्वतःच ढकलायला लागले. तांबड्याला पाय उचलावेच लागले. घंटा संपेपर्यंत दोघांनी मिळून जेमतेम दोन फेरे मारले. बाबा घामाने निथळले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी माझी प्रार्थना म्हटली, पण लक्ष कुठलं लागतंय.

चार दिवस असेच गेले आणि काडीचा फरक पडला नाही. खांदा लावला की चालायचा, काढला की उभा. पाचव्या दिवशी बाबा पुढे झाले, कासरा हातात घेतला आणि तांबड्याच्या पुढे पुढे गोल चालायला लागले. चालताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. माझ्या मनात लख्ख उजेड पडला. हं! म्हणजे बाबा चालता चालता मनातल्या मनात प्रार्थना म्हणताहेत. देवालाही चुकवत नाहीत आणि काकांनाही. मला इतका आनंद झाला की मी पाट ओलांडून त्यांच्यामागे चालायला लागले, ऐकायला.

ते केळ्यांची नावं घेत होते. राजेळी, तांबडी, वेलची, मुठेळी. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

परतताना मी न राहवून विचारलंच, की मनात म्हटली तर काय बिघडतं? देवाला मनातलं कळतं असं फादरच सांगतात.

बाबा म्हणाले, "मनात म्हटली की पाय मंद होतात, बाय. चार दिवस तेच करून पाहिलं. तांबड्याला ते कळतं."

म्हणजे खरंच सोडावी लागत होती. नुसती तोंडाने नव्हे, आतूनसुद्धा. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर मला वाटायचं की श्रद्धावंत माणूस म्हणजे प्रार्थना न चुकवणारा माणूस. आणि हा माझा बाप, आमच्या गावातला सगळ्यात श्रद्धावंत माणूस, एका शंकराच्या भक्ताला दिलेला शब्द खरा करायला, मरियेच्या घंटेत केळी मोजत होता. यातलं देवाला काय आवडत असेल? हा प्रश्न मी फादरांना विचारला नाही. मला उत्तराची नाही, कोपऱ्यात उभं करतील याचीही नाही, बाबांचं नाव निघेल याची भीती होती.

काका आधी शेजारी उभे राहून बघायचे. सहाव्या दिवसापासून ते बाराच्या सुमाराला काहीतरी काम काढून घरात जायला लागले. काकूंनी एकदा मला ताक दिलं आणि विचारलं, तुझ्या बाबांना या वेळी तुमच्या देवाचं काही करायचं असतं ना? मी हो म्हटलं. त्या आत गेल्या, आणि मला भिंतीपलीकडून त्यांचा काकांना काहीतरी बोलल्याचा आवाज आला. त्या दुपारी काका बाहेर येऊन म्हणाले की पुरे झालं, मला चालेल थांबला तर, दोन मिनिटांचं काय एवढं. बाबांनी ऐकलं नाही. आता त्यांना अर्ध्यावर सोडता येईना.

नवव्या दिवशी घंटा झाली आणि तांबड्या चालत राहिला. बाबांनी कासरा सोडला, तरी चालत राहिला. बाबा बाजूला येऊन उभे राहिले. ठोके पडत होते, रहाट कुरकुरत होता, पाणी पाटात पडत होतं. कोणी थांबलं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. काका जवळ आले. बाबांनीच सदऱ्याने डोळे पुसले, तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता खोड नाही."

शब्द खरा झाला. पुढच्याच आठवड्यात निर्मळला म्हशीचा सौदा होता आणि बाबांना न्यायला स्वतः काका आले. बाबा धुतलेला सदरा घालून त्यांच्या सायकलच्या मागे बसून गेले. त्याआधी शनिवारी ते पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये गेले होते. आत किती वेळ होते ते मी मोजत बसले होते. बाहेर आले तेव्हा मी विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाले की फादरांनी शिक्षा काहीच दिली नाही. फक्त विचारलं, बैल आता नीट चालतो का? घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आईने त्या दिवशी उपवासकाळ असूनही घावने केले.

मग सोमवार आला. मी शाळेतून येऊन वाडीत गेले. इंजिन धडधडत होतं. त्याच्या आवाजात घंटा ऐकू येत नसे, म्हणून ते आल्यापासून बाबा बारा वाजायच्या थोडं आधी, सावली बघून, ते बंद करत. त्या दिवशी बाबा पानवेली बांधत होते. मी त्यांना सुंभाचे तुकडे तोडून देत होते. काहीतरी बोलत होतो, हसत होतो. आणि माझी नजर सहज कुंपणापलीकडे गेली. शेजारची म्हातारी आपल्या वाडीत हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिच्यापलीकडे तिचा मुलगा टोपी हातात घेऊन उभा होता. त्यापलीकडच्या वाडीतही कोणी हलत नव्हतं. आवाज फक्त आमच्या इंजिनाचा होता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे हात वेल बांधत होते. सुंभाची एक गाठ झाली, त्यांनी दुसरी घेतली.

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मी बघत होते तिकडे बघितलं. सुंभ हातातून पडलं. ते इंजिनाकडे धावले, वयाला न शोभेलसे धावले, आणि ते बंद केलं. सगळीकडे शांत झालं. घंटा केव्हाच संपली होती. म्हातारी पुन्हा वाकून भाजी खुडायला लागली होती.

बाबा इंजिनावर हात ठेवून उभे राहिले. "मीही चालत राहिलो गं," ते म्हणाले.

मी, जिला नेहमी काहीतरी विचारायचंच असतं, मी गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढली. आम्ही दोघं केळीच्या सावलीत उभे राहिलो आणि घंटेशिवाय प्रार्थना म्हटली, फार सावकाश, एकेक शब्द चाचपत.